छिद्राचे चित्र: पार्श्वभूमीतील धूसर दिव्यांचे प्रयोग

गेल्या दिवाळीत भाची पणती लावत असतानाचा एक फोटो मी संगणकावर मोठा करून पाहत होतो. तिच्या मागे गॅलरीच्या कठड्याला गुंडाळलेल्या माळेतला प्रत्येक दिवा धूसर होऊन गोल चकतीसारखा उमटला होता आणि चकत्या मला हव्या तशाच आल्या होत्या. जरा निरखून पाहिल्यावर मात्र त्या साठ-सत्तर चकत्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीत, डावीकडे किंचित खाली, बारीक वळणदार रेघांचा एकच एक डाग दिसू लागला. लेन्स दिव्याखाली तिरकी धरून पाहिली तेव्हा उलगडा झाला. पुढच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा होता आणि तो चिवड्याच्या तेलाचा होता. घरातल्या कोणाच्याही तो डाग लक्षात आला नाही, पण मला मात्र त्या फोटोत आता दुसरे काही दिसत नाही.

काचेवरचा ठसा माळेतल्या प्रत्येक दिव्यात का उमटावा, हे समजले की या छायाचित्रणातले निम्मे काम समजते. फोकसबाहेरच्या दिव्याची जी चकती आपल्याला दिसते ती त्या दिव्याची आकृती नसते, ती लेन्सच्या छिद्राची आकृती असते. दिव्याचा प्रकाश लेन्सच्या संपूर्ण छिद्रातून आत येतो. दिवा फोकसमध्ये असेल तर तो सगळा प्रकाश सेन्सरवर एका बिंदूत एकवटतो, नसेल तर तो छिद्राच्या आकाराचाच ठिपका पाडतो. छिद्र गोल असेल तर ठिपका गोल, ते लहान-मोठे करणाऱ्या लेन्समधल्या पाकळ्यांमुळे पंचकोनी झाले असेल तर पंचकोनी, आणि छिद्रासमोर तेलकट ठसा असेल तर ठिपक्यातही ठसा. पुढचे सगळे प्रयोग याच एका गोष्टीतून निघतात.

या धूसरपणाला छायाचित्रकार ‘बोके’ म्हणतात. शब्द जपानी आहे आणि त्याचा अर्थ अंधुकपणा, पुसटपणा असा होतो. इंग्रजी वाचकांनी त्याचा उच्चार नीट करावा म्हणून १९९७ मध्ये ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी नियतकालिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी रोमन स्पेलिंगच्या शेवटी ‘एच’ जोडला आणि तेच रूप पुढे रूढ झाले. मराठीत मात्र बोके म्हटले की मध्यरात्री कौलांवर भांडणारे बोकेच डोळ्यांपुढे उभे राहतात, म्हणून मी येथे ‘चकती’ हा साधा शब्द वापरणार आहे.

चकती किती मोठी येईल?

लेन्सच्या छिद्राचा व्यास काढण्यासाठी फोकल लेन्थला (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याला) अपर्चरच्या आकड्याने, म्हणजे ‘एफ’पुढच्या आकड्याने भागावे; हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. ५० मिमीची लेन्स एफ १.८ वर असेल तर हा व्यास सुमारे २८ मिमी येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर एफ ५.६ देते, तेव्हा छिद्र जेमतेम १० मिमीचे असते. ८५ मिमी एफ १.८ मध्ये ते ४७ मिमी होते. गंमत अशी की, ५५-२५० सारखी स्वस्त टेली झूम २५० वर एफ ५.६ ला ठेवली तरी तिचे छिद्र सुमारे ४५ मिमी भरते. ज्यांच्या कपाटात अशी झूम धूळ खात पडली आहे, त्यांनी नवी लेन्स घेण्याचा विचार काही दिवस पुढे ढकलावा.

आता मुख्य नियम. दिवे खूप दूर असतील तर प्रत्येक दिव्याची चकती, आपण ज्या वस्तूवर फोकस केला आहे त्या वस्तूच्या शेजारी, छिद्राच्या व्यासाएवढी दिसते. म्हणजे ५० मिमी एफ १.८ ने कोणाचा चेहरा टिपला, तर मागचे दूरचे दिवे चेहऱ्याशेजारी धरलेल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढे दिसतील, कारण ते नाणेही २७ मिमीचे आहे. नाण्याचा आकार बदलत नाही, पण आपण किती जवळून फोटो काढतो यावर ते चौकटीचा किती भाग व्यापेल हे ठरते. एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात ५० मिमी लेन्सने दोन मीटरवर फोकस केला तर चौकटीत सुमारे ९२ सेंमी रुंदीचा भाग मावतो आणि चकती त्याच्या तेहतिसाव्या हिश्श्याएवढी येते. एका मीटरवर ती सोळाव्या हिश्श्याएवढी होते आणि अर्ध्या मीटरवर सातव्या-आठव्या हिश्श्यापर्यंत पोहोचते.

हाच हिशेब किट लेन्सला लावून पाहावा. ५५ मिमीवर ४० सेंमी अंतरावरच्या पणतीवर फोकस केला, तर चौकट सुमारे १५ सेंमी रुंद असते आणि चकती १० मिमीची, म्हणजे चौकटीच्या पंधराव्या हिश्श्याएवढी. एका मीटरवरून ५० मिमी एफ १.८ ने जे साधते ते किट लेन्सने ४० सेंमीवरून साधता येते. फरक एवढाच की चेहऱ्याऐवजी पणती, फुलपात्र किंवा चहाचा कप असा लहान विषय निवडावा लागतो. चकत्या येत नाहीत म्हणून लेन्सला दोष देणाऱ्यांपैकी बहुतेक जण विषयापासून फार लांब उभे असतात, असे माझे निरीक्षण आहे.

दिवे ‘खूप दूर’ म्हणजे किती दूर, हाही प्रश्न सोपा आहे. अंतरे कॅमेऱ्यापासून मोजावीत. दिवे विषयाच्या दुप्पट अंतरावर असतील तर चकती पूर्ण आकाराच्या निम्मी येते, चौपट अंतरावर पाऊण आणि दहापट अंतरावर दहातले नऊ भाग. याचा अर्थ असा की विषय तीन फुटांवर आणि दिव्यांची माळ बारा फुटांवर असली की पाऊण काम झाले. पुण्यातल्या बेताच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या भिंतीपासून समोरच्या खिडकीपर्यंत, एवढी जागा सहसा मिळते. माळ आणखी दहा फूट मागे नेण्यासाठी गॅलरीत धडपडण्यापेक्षा विषय कॅमेऱ्याच्या एक फूट जवळ आणणे केव्हाही अधिक फायद्याचे ठरते.

दिवे कोणते निवडावेत?

दिवा जितका लहान तितकी चकती रेखीव. तांदळाच्या दाण्याएवढ्या एलईडींची माळ यासाठी उत्तम असते आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ती हवी त्या रंगात व लांबीत मिळते. आकाशकंदील, ट्यूबलाइट किंवा मोठा बल्ब यांच्या चकत्या होत नाहीत, त्यांचे केवळ पसरट पुंजके होतात, कारण ते मुळात बिंदू नसतात. कंदील चौकटीत हवाच असेल तर तो एकच ठेवावा आणि चकत्यांसाठी माळ वेगळी लावावी. पणतीची ज्योत दूर असेल तर तिचीही सुरेख चकती होते, मात्र वाऱ्याने ज्योत हलली की चकतीची एक कड मऊ होते. मला ती आवडते.

माळ विकत घेताना ती एका जागी स्थिर लागते की नाही, हे दुकानदाराला लावून दाखवायला सांगावे. पळत्या दिव्यांच्या माळेत ऐन वेळी निम्मे दिवे विझलेले सापडतात. स्थिर माळसुद्धा खरे तर लुकलुकत असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला ५० किंवा १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर १/५०० वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतेच उघडे ठेवले की काही दिवे फिके येतात किंवा नाहीसेच होतात. म्हणून अशा माळांसाठी शटर १/५० ठेवावे, त्यात एक पूर्ण आवर्तन मावते.

पहिला प्रयोग: हॉलमधली पणती

संध्याकाळी हॉलमधले सगळे दिवे मालवावेत. माळ समोरच्या भिंतीवर किंवा पडद्यावर लावावी, पण ती सरळ रांगेत न लावता कुठे दाट तर कुठे विरळ अशी सोडावी. रांगेत लावलेल्या दिव्यांच्या चकत्याही रांगेतच येतात आणि फोटोला लग्नाच्या मांडवाची कळा येते. माळेपासून नऊ-दहा फूट अलीकडे टेबल ठेवून त्यावर पणती ठेवावी आणि कॅमेरा पणतीच्या उंचीवर आणावा. उभे राहून वरून फोटो काढला तर चौकटीत फरशी येते आणि मागची माळ बाहेर जाते, त्यामुळे खाली बसणे अपरिहार्य आहे. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांची चळत पुरते.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्यावा. अपर्चर लेन्सच्या सर्वांत लहान आकड्यावर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, शटर १/५० वर न्यावे आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ४०० पासून सुरू करावी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची जुळवणी, ऑटोवर ठेवू नये. ऑटोवर कॅमेरा पणतीचा पिवळेपणा पुसण्याचा प्रयत्न करतो आणि मग सारा उबदारपणा निघून जातो, म्हणून ‘डेलाइट’ निवडावा. कॅमेऱ्यात सोय असेल तर फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात साठवावा. फोकस ज्योतीवर करू नये, कारण हलत्या ज्योतीवर फोकस घुटमळत राहतो. तो पणतीच्या पुढच्या मातीच्या काठावर करावा आणि मग लेन्सचे बटण एमएफवर (हाताने फोकस) सरकवून फोकस तसाच ठेवावा.

पहिला फोटो काढून स्क्रीनवर मोठा करावा आणि चकत्यांचे रंग पाहावेत. माळ पिवळी असूनही चकत्या पांढऱ्याफटक दिसत असतील तर प्रकाश जास्त झाला आहे. अशा वेळी आयएसओ एकेक पायरी खाली आणून चकत्यांमध्ये रंग भरेपर्यंत फोटो काढत राहावे. लाल आणि निळ्या एलईडींच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते, कारण त्यांचा एकच रंग आधी भरून वाहू लागतो आणि चकतीच्या जागी सपाट, प्लास्टिकसारखा ठिपका उरतो.

यानंतर मोजपट्टी काढावी. कॅमेरा न हलवता पणती एकदा दीड फुटावर, एकदा तीन फुटांवर आणि एकदा सहा फुटांवर ठेवून, प्रत्येक वेळी फोकस नव्याने करून तीन फोटो काढावेत. वर सांगितलेला हिशेब या तीन फोटोंत डोळ्यांना दिसतो आणि एकदा दिसला की पुढे गणित करावे लागत नाही, अंतर अंदाजानेच ठरते.

अपर्चर बदलल्यावर काय होते?

बहुतेकांना येथे एक धक्का बसतो, म्हणून हा प्रयोग मी जरा सविस्तर सांगतो. पणती दीड फुटावर ठेवून शटर आणि आयएसओ यांना हात न लावता एफ २, २.८, ४ आणि ५.६ असे चार फोटो काढावेत. प्रत्येक पायरीला टेबलाचा पृष्ठभाग आणि पणतीचा काठ यांचा उजेड निम्मा होत जातो. चकत्या लहान होतात, पण त्यांचा उजेड मात्र जवळजवळ आहे तसाच राहतो. कारण असे की, छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे केले तर आत येणारा दिव्याचा प्रकाशही निम्मा होतो, आणि तो ज्या चकतीवर पसरतो तिचे क्षेत्रफळही निम्मेच झालेले असते. तेवढाच प्रकाश तेवढ्याच जागेवर.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. चकत्या फार पांढऱ्या येत असतील तर अपर्चर बंद करून उपयोग नाही, शटर किंवा आयएसओच बदलायला हवा. आणि चकत्यांचा उजेड बरोबर असताना विषय काळोखात जात असेल, तर विषयाला त्याचा स्वतःचा प्रकाश द्यायला हवा. मोबाइलच्या टॉर्चवर पांढरा हातरुमाल दुहेरी धरून तो चेहऱ्याच्या एका बाजूने, हातभर अंतरावरून दाखवला तरी पुरतो. माझ्या मते दिवाळीतल्या घरगुती फोटोंना खरी गरज या रुमालाची असते, महागड्या लेन्सची नसते.

याच चार फोटोंत चकतीचा आकारही बदललेला दिसतो. छिद्र पूर्ण उघडे असताना पाकळ्या बाजूला सरकलेल्या असतात आणि चकती गोल येते. छिद्र लहान होऊ लागले की पाकळ्यांचे कोपरे दिसतात. कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ १.८ टू या लेन्सला पाच पाकळ्या आहेत, त्यामुळे एफ २.८ वर स्वच्छ पंचकोन मिळतात. २०१५ मध्ये आलेल्या तिच्या एसटीएम आवृत्तीला सात गोलसर पाकळ्या असल्याने चकत्या बराच वेळ गोल राहतात. पंचकोन वाईट असतात असे समजण्याचे कारण नाही. एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाशी ते शोभतात, लहान मुलाच्या चेहऱ्यामागे शोभत नाहीत, एवढेच.

छिद्र पूर्ण उघडे असताना चौकटीच्या कडेच्या चकत्या गोल न राहता बदामासारख्या निमुळत्या होतात. तिरक्या येणाऱ्या प्रकाशाला लेन्सच्या नळीची कड अडवते आणि त्या बाजूने पाहिले तर छिद्रच बदामाच्या आकाराचे दिसते. लेन्स हातात धरून तिरकी करत आरपार पाहिली की हे स्वतःला पडताळता येते. इंग्रजीत या चकत्यांना मांजराचे डोळे म्हणतात, म्हणजे बोके शेवटी आलेच. एक-दोन पायऱ्या अपर्चर बंद केले की हा दोष बराच कमी होतो, पण चेहरा मधोमध असेल तर त्याभोवती फिरल्यासारख्या दिसणाऱ्या या चकत्या मी मुद्दाम तशाच ठेवतो. रशियन बनावटीच्या जुन्या हेलिओस ४४ लेन्सा याच भोवऱ्यासाठी आजही शोधल्या जातात. ज्या टेली लेन्सांमध्ये आरसे असतात त्यांच्या छिद्राच्या मध्यभागी एक लहान आरसा बसवलेला असतो, त्यामुळे त्यांच्या चकत्या मेदूवड्यासारख्या, मधे भोक असलेल्या येतात. छिद्र जसे, तशी चकती.

चकतीमध्ये कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे दिसली तर ती लेन्समधल्या साच्यात घडवलेल्या विशेष काचेची खूण असते आणि त्यावर आपल्याला काही उपाय करता येत नाही. ठिपके आणि धागे दिसले तर ती धूळ असते आणि त्यावर उपाय आहे. ब्लोअरने आधी हवा मारावी आणि मगच मायक्रोफायबरच्या कापडाने पुसावे. सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. लेन्सवरचा संरक्षक फिल्टरही अशा वेळी काढून ठेवावा, कारण तो दिव्यांची भुते, म्हणजे परावर्तनातून उमटणारे खोटे ठिपके, निर्माण करतो.

हवा तो आकार: काळ्या कागदाचे टोपण

चकती ही छिद्राची आकृती असेल, तर छिद्रच आपल्या हाताने कापून का घेऊ नये? हा प्रयोग पन्नास रुपयांच्या आत होतो आणि मुलांना तो फार आवडतो. अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानातून जाड काळा कार्डपेपर आणि काळी चिकटपट्टी आणावी. लेन्सच्या पुढच्या कडेवर एका लहान वर्तुळाच्या चिन्हापुढे ४९, ५२ किंवा ५८ असा आकडा लिहिलेला असतो. तो फिल्टरच्या आट्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो. त्याहून चार-पाच मिलिमीटर मोठे वर्तुळ कंपासने काढून कापावे. तीन सेंमी रुंदीची लांब पट्टी लेन्सभोवती गुंडाळून तिचे कडे करावे आणि वर्तुळ त्या कड्यावर चिकटपट्टीने बसवावे. डब्याच्या झाकणासारखे हे टोपण लेन्सवर घट्ट बसले पाहिजे, फटीतून उजेड आत येता कामा नये.

आकार वर्तुळाच्या बरोबर मधोमध कापावा. तो छिद्राच्या व्यासाहून लहान हवा, नाहीतर त्याच्या कडा लेन्सच्या गोल छिद्राने छाटल्या जातात. ५० मिमी एफ १.८ साठी छिद्र २८ मिमीचे असल्याने १५ मिमीचा आकार सुरक्षित ठरतो. पाच मिलिमीटरचा नाजूक तारा कापला तर फोटोत तो तारा आहे की मुंगी हे ओळखू येत नाही. चांदणी, पान, त्रिकोण, पणती हे आकार चांगले उमटतात. अक्षरे कापायची असतील तर व, ब, प यांच्या पोटातला कागद कापताच गळून पडतो, म्हणून त किंवा र यांसारखी पोट नसलेली अक्षरे घ्यावीत. कैचीपेक्षा कटर बरा. कडेला राहिलेले कागदाचे तूस प्रत्येक चकतीत दिसते, तेव्हा कापून झाल्यावर कडा नखाने दाबून घ्याव्यात.

मी पहिल्यांदा ‘त’ कापला तेव्हा टोपण लेन्सवर चढवले आणि समोरून पाहून अक्षर सरळ बसल्याची खात्री करून घेतली. फोटोत सगळे ‘त’ आरशातल्यासारखे उलटे आले. अक्षर कॅमेऱ्याच्या मागून, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या बाजूने वाचता येईल असे बसवायला हवे होते. आणखी एक गंमत मला नंतर त्रिकोणाने दाखवली. विषयाच्या मागच्या दिव्यांचे त्रिकोण सरळ, टोक वर असलेले येतात, पण विषयाच्या पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ धरलेल्या दिव्यांचे त्रिकोण खाली टोक करून उलटे उमटतात. मागच्या दिव्याचे किरण सेन्सरच्या आधीच एकमेकांना ओलांडून जातात, पुढच्या दिव्याचे किरण तसे ओलांडण्यापूर्वीच सेन्सरवर पोहोचतात. एकाच फोटोत दोन्ही प्रकारचे त्रिकोण घेऊन पाहावेत, पाठ्यपुस्तकातल्या किरणाकृतीपेक्षा ते लवकर पटते.

टोपण लावल्यावर अपर्चर पूर्ण उघडेच ठेवावे, कारण आता खरे छिद्र कागदाचे आहे. १५ मिमी बाजूच्या त्रिकोणातून मूळच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढाच प्रकाश आत येतो, त्यामुळे विषय एकदम काळवंडतो. आयएसओ वाढवून तो उजळू पाहिले तर चकत्या पांढऱ्या पडतात, याचे कारण वर आलेच आहे. येथेही रुमालाचा टॉर्च कामी येतो. ऑटोफोकस चाचपडू लागला तर फोकस हाताने करावा. अठरा मिलिमीटरसारख्या रुंद लेन्सवर हा प्रयोग फसतो, कागद चौकटीच्या कोपऱ्यांत काळी सावली बनून येतो. पन्नास किंवा त्याहून लांब लेन्सच घ्यावी.

घराबाहेर

रस्त्यावर अंतरे आपल्या हातात नसतात, पण दिवे फुकट आणि अमाप असतात. डेक्कन आणि नारायण पेठ यांना जोडणारा झेड ब्रिज माझ्या आवडीचा आहे, कारण तेथे संध्याकाळी लोक कठड्याला टेकून गप्पा मारत बसलेले असतात आणि त्यांच्या मागे नदीपलीकडचे दिवे पुरेसे दूर असतात. मित्राला कठड्याशी उभे करून एक-दीड मीटरवरून त्याच्या चेहऱ्यावर फोकस करावा. ट्रायपॉड लावून दुचाकींची वाट अडवू नये आणि अनोळखी व्यक्तीचा चेहरा चौकटीत घेण्याआधी विचारावे. विचारल्यावर बहुतेक जण हो म्हणतात आणि केस नीट करतात, मग क्षणभर थांबून ते पुन्हा गप्पांत रमले की फोटो काढावा.

फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी वाहतुकीचे आहेत, याचा छायाचित्रकाराला मोठा फायदा होतो. पदपथावर उभे राहून एका दिशेला तोंड केले की समोर हेडलाइटच्या पांढऱ्या चकत्या असतात आणि मागे वळले की फक्त टेललाइटच्या लाल. मला लाल बाजू अधिक मानवते, कारण हेडलाइट फार तीव्र असतात आणि चकत्यांत रंग उरत नाही. पावसाळ्यात ओल्या डांबरावर याच दिव्यांची दुसरी रांग पडते, तिच्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणावा.

वेळ महत्त्वाची आहे. काळ्याकुट्ट आकाशात चकत्या कागदावर चिकटवल्यासारख्या दिसतात, पण सूर्यास्तानंतरच्या साधारण १५ ते ३५ मिनिटांत आकाश गडद निळे असते आणि त्या निळ्यावर पिवळे दिवे खुलतात. दिवाळीच्या सुमारास पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे सव्वासहाला जागेवर तयार असायला हवे. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर ही वेळ गाठण्यासाठी गाडी लांब लावून चालत जाणेच शहाणपणाचे असते. तेथे टेली झूम २५० वर ठेवून तीन मीटरवरच्या ढोलवादकाच्या हातावर किंवा ताशाच्या काठीवर फोकस करावा. चौकट जेमतेम पाव मीटर रुंद राहते आणि मागच्या रोषणाईची एकेक चकती तिचा सहावा हिस्सा व्यापते. अशा लांब लेन्ससाठी शटर १/२५० च्या खाली नेले तर हात हलल्याचे दिसते, त्यामुळे एलईडीच्या लुकलुकण्याशी तडजोड करावी लागते. मी एकाच जागेवरून दहा-बारा फोटो घेतो, त्यांतल्या दोन-तीनमध्ये सगळे दिवे पेटलेले सापडतात.

गच्चीवर करण्यासारखा एक वेगळा प्रयोग आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून दूरच्या दिव्यांवर हाताने फोकस करावा, आयएसओ १००, अपर्चर एफ ५.६ आणि शटर दोन सेकंद ठेवावे. बटण दाबल्यावर पहिला सेकंद स्वस्थ राहावे आणि दुसऱ्या सेकंदात फोकसची रिंग एका लयीत जवळच्या टोकाकडे फिरवावी. प्रत्येक दिवा आधी बिंदू असतो आणि मग उमलत जाऊन चकती होतो, त्यामुळे फोटोत मधे तेजस्वी ठिणगी आणि भोवती फिकट होत जाणारे फूल दिसते. पहिले आठ-दहा फोटो रिंगच्या धक्क्याने वाया जातात, ते गृहीतच धरावे.

मोबाइलवर

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेन्थ साधारण सहा-सात मिलिमीटर असते, म्हणजे एफ १.८ असूनही छिद्र तीन-चार मिलिमीटरचेच भरते. चेहऱ्याशेजारी तीन मिलिमीटरची चकती म्हणजे साबुदाण्याचा दाणा. म्हणूनच पोर्ट्रेट मोडमध्ये फोन धूसरपणा हिशेबाने रंगवतो आणि केसांच्या कडा व चष्म्याची काडी यांपाशी तो हमखास चुकतो. खरी चकती हवी असेल तर पोर्ट्रेट मोड बंद करावा, फोनमध्ये टेली लेन्स असल्यास ती निवडावी आणि जेवढ्या जवळ फोकस होईल तेवढ्या जवळच्या लहान वस्तूवर बोट दाबून धरून फोकस कुलूपबंद करावा.

याला सर्वांत सोपा विषय म्हणजे पावसाळ्यातली खिडकीची काच. काचेवरच्या थेंबांपासून हातभर अंतरावर फोन धरावा, थेंबावर फोकस कुलूपबंद करावा आणि सूर्याचे स्लाइडर खाली ओढून चित्र अंधारावे. मागच्या रस्त्यावरचे सिग्नल लाल-हिरव्या चकत्या होतात आणि प्रत्येक थेंबात तोच रस्ता बारीक, उलटा दिसतो. खोलीतला दिवा मालवायला मात्र विसरू नये, नाहीतर काचेत सिग्नलऐवजी आपलाच बनियन उमटतो.